संत्र्याच्या वाटीत चमचाभर ब्रँडी

दिवाळी अंकातले स्वयंपाकाचे सदर म्हटले की चकली मऊ का पडली आणि अनारसा तुपात का हसला, याचीच चर्चा असायची, असा एक समज रूढ आहे. यंदा मी तो समज जरा बाजूला ठेवणार आहे. चकली-अनारशांची काळजी घ्यायला घरोघरच्या आजीबाई आणि मावश्या समर्थ आहेत. मला बोलायचे आहे ते फराळ संपत आल्यानंतरच्या संध्याकाळींविषयी. भाऊबीज होऊन गेलेली असते. डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा आणि शंकरपाळ्यांचे तुकडे उरलेले असतात. तळणाच्या वासाने जीव विटलेला असतो. आणि नेमकी तेव्हाच कचेरीतली चार मंडळी सहकुटुंब जेवायला येतात. गोडाचे नाव कुणाला नको असते, पण पान संपताना ‘काहीतरी’ हवे मात्र असते.

हे ‘काहीतरी’ म्हणजे संत्रे, असे माझे मत आहे. हलके, आंबटगोड, थंड, आणि याच दिवसांत बाजारात येणारे.

संत्र्यावर लिहायचे आणखी एक कारण आहे. दोन वाचक भगिनींनी मला जवळजवळ एकाच विषयावर दोन प्रश्न विचारले. पहिलीचा प्रश्न असा : “आमच्या घरी कपाटात ब्रँडीची एक बाटली आहे. इंग्रजी पाकपुस्तकांत संत्रे आणि ब्रँडी यांची जोडी सारखी दिसते. ती पक्वान्ने आपल्या स्वयंपाकघरात जमतात का?” दुसरीचा प्रश्न असा : “आच दिली की दारू उडून जाते म्हणतात. मग असले पक्वान्न मुलांनाही वाढायला काय हरकत आहे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, सहज जमतात’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नाही, आणि आजचा सगळा लेख खरे तर त्याच्यासाठीच आहे. पण आधी संत्रे सोलू.

सालीतला जीव

आपण संत्रे विकत घेतो ते रसासाठी, आणि साल टोपलीत टाकतो. वास्तविक संत्र्याचा जीव सालीत असतो. रस आंबटगोड असतो खरा, पण डोळे मिटून वास घेतल्यावर ‘हे संत्रे’ म्हणून जे आपण ओळखतो, ते सालीतले तेल. साल मेणबत्तीजवळ चिमटून पाहा. बारीक ठिणग्या उडतात. ते हेच तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. मद्यार्कात मात्र चटकन विरघळते.

संत्र्याची आणि ब्रँडीची जोडी जमली ती अशी. कुणा शौकिनाची ती लहर नव्हे. पाण्याला जे सालीतून काढता येत नाही ते मद्यार्क काढतो आणि साऱ्या वाटीभर पसरवतो. म्हणून अशा पक्वान्नात मद्य चमचाभरच लागते. पेलाभर ओतले तर संत्र्याचे नाव राहते आणि वास दारूचा येतो.

युरोपातल्या लोकांनी या एका गुणावर मोठाले कारखाने उभारले. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी गोड संत्र्यांची झाडे नेऊन लावली. तिथल्या कोरड्या जमिनीत फळे इतकी कडू झाली की तोंडात धरवेनात. पण त्याच फळांच्या वाळलेल्या सालीला असा काही घमघमाट सुटला की तिच्यापासून ‘क्युरासाव’ नावाचे मद्य जन्माला आले. फ्रान्समध्ये आंजे गावी क्वांत्रो घराण्याने 1849 साली भट्टी घातली आणि 1875 साली संत्र्याच्या सालीचे, पाण्यासारखे स्वच्छ मद्य काढले. 1880 साली कोन्याक ब्रँडी आणि कडू संत्र्याची साल यांच्या मिलाफातून ग्रां मार्निए आले. ही सारी मंडळी विकतात ती साल. आपण ती रोज केराच्या टोपलीत टाकतो.

आणि गंमत अशी की ‘ऑरेंज’ हा शब्दसुद्धा आपल्याकडूनच गेला. संस्कृत ‘नारंग’ फारसीत आणि अरबीत शिरला, तिथून स्पेनमध्ये ‘नारांखा’ झाला आणि फ्रान्समार्गे इंग्रजांच्या घरी पोचेपर्यंत आरंभीचा ‘न’ वाटेत गळून पडला. तेव्हा हे पाहुणे म्हणून आपल्या ओट्यावर येत असले तरी मूळचे माहेरचेच आहेत.

फळ निवडताना

दिवाळीच्या सुमारास येते ते आंबिया बहाराचे संत्रे. झाडाला जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर येतो आणि फळ ऑक्टोबरपासून उतरते. मृग बहाराचे संत्रे त्यानंतर, फेब्रुवारीपासून पुढे. आंबियाचे फळ सालीला पुष्कळदा हिरवट असते, म्हणून नाक मुरडू नये. हातात घेऊन जड लागते ते रसाचे. साल फुगून फळापासून सुटलेली असेल, दाबले की पोकळ लागत असेल, तर ते ठेवून द्यावे. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण फळवाल्याच्या पाटीवरची प्रत्येक ‘नागपुरी’ अक्षरे काही त्या मानांकनाची साक्ष नव्हेत. तुमचा हात हीच खरी साक्ष.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : साल वापरायची असेल तर फळ कोमट पाण्यात घासून धुवावे. दुकानातल्या फळांना चकाकी यावी म्हणून पुष्कळदा मेणाचा हात दिलेला असतो. मग फळ सोलण्याआधीच बारीक खिसणीवर हलक्या हाताने फिरवावे. आपल्या संत्र्याची साल सैल असते, एकदा सोलली की ती खिसता येत नाही. फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्यावा. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच.

दुसरी : रस आयत्या वेळी काढावा. संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडू होतो. ताज्या रसात नसलेला कडूपणा आंबटपणाच्या संगतीत तासा-दोन तासांत तयार होतो. फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या तर तो लवकर आणि जास्त येतो. हाताने पिळावे, गाळावे, लगेच वापरावे.

तीन पक्वान्ने

आता कृती. तिन्ही चार-सहा माणसांच्या, आणि तिन्ही अशा की करणारीला पाहुण्यांबरोबर बसता यावे.

*संत्र्याच्या थंड फोडी.* चार संत्री, दोन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे ब्रँडी किंवा रम. आधी एका संत्र्याची साल खिसून साखरेत बोटांनी चांगली चोळावी. साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. फोडी सोलून त्यांवरची पातळ त्वचा आणि बिया काढाव्यात. हे काम किचकट आहे, पण ते मुलांना द्यावे, आवडीने करतात. खोलगट काचेच्या भांड्यात फोडी, त्यांवर सुवासिक साखर, वरून ब्रँडी. झाकून दोन तास फ्रीजमध्ये. वाढताना वर भाजलेल्या बदामाचे काप. दोन मोठे चमचे म्हणजे 30 मिलिलिटर. चार वाट्यांत वाटले की प्रत्येकी लहान पेगाचा चौथा हिस्सा.

*चायना ग्रासची जेली.* बाजारातली जेलीची पाकिटे पुष्कळदा जिलेटीनची, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेली असतात. शाकाहारी घरात चायना ग्रास उत्तम, ते समुद्रातल्या शेवाळापासून होते. 10 ग्रॅम चायना ग्रास कातरून 300 मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवावे, मग त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. त्यातच 75 ग्रॅम साखर. खाली उतरवून मग 450 मिलिलिटर संत्र्याचा रस घालावा. आठेक संत्री लागतात. रस फ्रीजमधला गार नको, नाहीतर गुठळ्या होतात. आणि रसात चायना ग्रास उकळू तर मुळीच नये, आंबटाने त्याची पकड सुटते आणि जेली रडते. रम घालायची तर शेवटी, भांड्याला हात लावता येईल इतके कोमट असताना, 30 मिलिलिटर. मग सहा वाट्यांत ओतून स्वस्थ बसावे. फ्रीज नसला तरी ही जेली धरते.

*संत्र्याची फ्रेंच धिरडी.* त्यांच्याकडे यांना क्रेप स्युझेत म्हणतात. आंरी शार्पांतिए नावाच्या स्वयंपाक्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की 1895 साली माँटे कार्लोच्या एका उपाहारगृहात, इंग्लंडच्या युवराजासाठी धिरडी गरम करताना मद्याने अवचित पेट घेतला, आणि ती फजिती म्हणजेच हे पक्वान्न. तो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. इतक्या लहान पोराला युवराजाच्या टेबलाशी कोण उभे करील, असे म्हणून पुष्कळ जाणकार ही गोष्ट मानत नाहीत. पण धिरडे खरे आहे, आणि चविष्टही आहे.

100 ग्रॅम मैदा, दोन अंडी, 250 मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ. गुठळी न होऊ देता ढवळून अर्धा तास ठेवावे. तव्यावर लोण्याचा हात फिरवून आठ पातळ धिरडी काढावीत. आपल्या घावनाइतकी पातळ झाली की समजावे साधले. मग पसरट लंगडीत 50 ग्रॅम साखर आणि 50 ग्रॅम लोणी वितळवावे, त्यात तीन संत्र्यांचा रस आणि एका संत्र्याची खिसलेली साल. रस जरा आळला की प्रत्येक धिरडे त्यात बुडवून चौघडी घालावी. शेवटी 30 मिलिलिटर ब्रँडी, आणि दोन मिनिटे मंद आच.

हॉटेलात याला टेबलाशी आणून काडी लावतात. निळी ज्योत उठते आणि मंडळी टाळ्या वाजवतात. घरी हा खेळ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मद्य गरम झाले की त्याची वाफ पेटते, आणि आपल्या स्वयंपाकघरात पदर असतो, पडदा असतो, बाजूला डोकावणारे पोर असते. बाटली हातात धरून तापलेल्या भांड्यात ओतणे तर साफ वर्ज्य. ज्योत बाटलीत शिरू शकते. मद्य नेहमी आधी वाटीत मोजून घ्यावे, गॅस बंद करावा, मग वाटीतून ओतावे, आणि त्यानंतर पुन्हा आच लावावी. चवीचे म्हणाल तर ज्योतीने फारसे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

‘उडून जाते’ म्हणतात, ते खरे का?

आता दुसऱ्या भगिनीचा प्रश्न. मद्यार्क 78 अंशांवर उकळतो, पाणी 100 अंशांवर. तेव्हा पदार्थ उकळला की मद्यार्क आधी पळून जात असणार, असा सरळ हिशेब सगळे करतात. पाकपुस्तकेही बेलाशक तसे छापतात. पण पाणी आणि मद्यार्क एकदा मिसळले की ते असे नेमाने एकामागून एक उठून जात नाहीत. दोन्ही बरोबरच थोडेथोडे जातात.

अमेरिकेतल्या संशोधकांनी पदार्थ प्रत्यक्ष शिजवून हे मोजले आणि 1992 साली प्रसिद्ध केले. पुढे तिथल्या शेतीखात्याने ते आकडे आपल्या तक्त्यातही घेतले. उकळत्या पदार्थात मद्य घालून लगेच खाली उतरवले तर 85 टक्के मद्यार्क जागेवरच राहतो. काडी लावून पेटवले तरी 75 टक्के राहतो. पाव तास ढवळत शिजवले तर 40 टक्के, अर्ध्या तासाने 35, तासाने 25, आणि अडीच तास शिजवल्यावरही 5 टक्के राहतोच. आणि न शिजवलेल्या, झाकून ठेवलेल्या आपल्या थंड फोडींतून कितीसा जाणार? जवळजवळ सगळा तिथेच.

म्हणजे ‘आच दिली, आता काही नाही’ हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरातून कायमचे काढून टाकावे. निळ्या ज्योतीच्या त्या तमाशानंतरही चार आण्यांतले तीन आणे शिल्लक असतात.

“पण चमचाभरच तर आहे!” असे कुणी म्हणेल. खरे आहे. निरोगी, मोठ्या माणसाला पाव पेगाने काही होत नाही. पण पंगतीला बसणारे सगळेच निरोगी आणि मोठे नसतात. लहान मुले असतात. दिवस गेलेली सून असते. तिच्यासाठी मद्याचे कुठलेही प्रमाण सुरक्षित म्हणून ठरलेले नाही. पोटाच्या जंतुसंसर्गावर मेट्रोनिडॅझोलची गोळी चालू असलेले गृहस्थ असतात. तिच्याबरोबर मद्य वर्ज्य, असे डॉक्टर बजावतात. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या मावशी असतात. धर्माने, व्रताने किंवा केवळ मनाने न घेणारी माणसे असतात. आणि एक असा पाहुणा असतो की ज्याची आपल्याला बहुधा कल्पनाच नसते : ज्याने सोडली आहे.

मी एका घरी जेवायला गेले होते, तिथला प्रसंग. पानावर सुरेख फ्रूट सॅलड आले. संत्री, डाळिंब, आणि काहीतरी उंची वास. सगळ्यांनी वाहवा केली. बाई खुशीत हसून म्हणाल्या, “ओळखा पाहू यात काय आहे?” माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी दुसरा घास घेतला होता. त्यांनी चमचा हळूच वाटीत ठेवला. वाटी पुढे सरकवली. कुणाला काही म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नीचा चेहरा मात्र मी पाहिला. तोंडावरचा रंग उतरला होता. उठताना तिने मला एवढेच सांगितले, “अकरा वर्षं झाली हो. एक थेंब नाही.” पुढचा तास त्या माउलीचे लक्ष गप्पांत नव्हते. ती फक्त नवऱ्याकडे पाहत होती.

यजमानीण वाईट नव्हती. तिने हौसेने केले होते. पण अकरा वर्षांची एका संसाराची मिळकत तिने एका कोड्यापायी पणाला लावली होती, आणि ते तिला कळलेसुद्धा नाही. अन्नात गंमत जरूर असावी, पण अन्नात कोडे असू नये. समोरचा माणूस आपल्या हातचा घास न विचारता तोंडात घालतो, याहून मोठा विश्वास संसारात दुसरा नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. असले पक्वान्न केले तर दोन भांड्यांत करावे. एकात ब्रँडी, दुसऱ्यात तिच्याऐवजी तेवढाच संत्र्याचा रस आणि साल चोळलेली साखर थोडी जास्त. दोन्हींचे चमचे वेगळे, वाट्यांचा रंग वेगळा. आणि वाढण्याआधी, वाढताना नव्हे, मोकळेपणाने सांगावे : “निळ्या वाटीत ब्रँडी आहे, पांढरीत नाही.” एवढेच. ‘घ्या हो, थोडीच आहे’ हा आग्रह नको. पुरणपोळीचा आग्रह शोभतो, याचा शोभत नाही. कोणी पांढरी वाटी उचलली तर ‘का?’ हेही विचारू नये.

पेल्याविषयी दोन शब्द

काही वाचकांना पक्वान्नाहून पेल्यात रस असेल. सणाच्या अंकात त्यांच्याकडे पाठ फिरवणे बरे नाही.

संत्र्याच्या रसात मिसळलेल्या पेयांची मोठी बिरादरी आहे. वोडका आणि संत्र्याचा रस म्हणजे ‘स्क्रूड्रायव्हर’. तेलविहिरींवरचे अमेरिकन कामगार चमचा नसल्याने पेचकसाने ढवळत, अशी त्या नावाची दंतकथा आहे. कांपारी नावाचे लालभडक, कडू इटालियन मद्य आणि संत्र्याचा रस म्हणजे ‘गॅरिबाल्डी’. फसफसणारी वाइन आणि रस समसमान म्हणजे ‘मिमोसा’. कोन्याक, संत्र्याच्या सालीचे मद्य आणि लिंबाचा रस म्हणजे ‘साइडकार’. पेयांची प्रमाणे ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. ती 1951 साली इंग्लंडमधल्या टॉर्की गावी स्थापन झाली. स्क्रूड्रायव्हरला तिचे प्रमाण 50 मिलिलिटर वोडका आणि 100 मिलिलिटर रस. घरी मी 30 आणि 120 असे सुचवीन. चवीत काही उणे पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोके जागेवर असते.

आपल्याकडच्या रमला संत्रे विशेष मानवते, कारण रम मुळात उसाच्या मळीची, तिच्यात गुळाचा खमंगपणा असतो. 30 मिलिलिटर रम, 100 मिलिलिटर ताजा रस, अर्धा लहान चमचा आल्याचा रस, चार थेंब लिंबू, बर्फ, आणि वर थोडा सोडा. शेवटी सालीची एक चकती पेल्यावर चिमटून आत टाकावी. तेलाचा तो अदृश्य फवारा म्हणजे या पेयाचा खरा मसाला. गोव्याच्या काजूच्या फेणीत मात्र संत्रे घालण्याच्या भरीस पडू नये. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवलेली ती मानिनी आहे. तिचा स्वतःचा वास इतका करारी की संत्रे तिच्यापुढे तोंड उघडत नाही. तिला लिंबू आणि सोडाच बरा.

एक धोका मात्र सांगून ठेवते. रसाची गोडी मद्याची तिखटी झाकते. नुसता पेग घेणारा माणूस सावकाश घोट घेतो, आणि तोच माणूस संत्र्याच्या रसातला पेग सरबतासारखा पितो. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये, मापानेच ओतावे. आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडी-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के असे लिहिलेले असते. त्या हिशेबाने 30 मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि तो निकालात काढायला शरीराला साधारण एक तास लागतो. संत्र्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने तो तास कमी होत नाही, आणि कडक कॉफीनेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्टच सांगितले की मद्याचे कुठलेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा हे औषध आहे, रक्त वाढते, थंडी पळते, वगैरे सबबी सोडून द्याव्यात. घेणाऱ्याने हौस म्हणून घ्यावे, आणि हौसेला माप असावे.

कायद्याचीही ओळख असू द्यावी. मुंबई इलाख्याचा 1949 चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने नांदतो आहे. ‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो, पण तीतला ‘परमिट’ म्हणजे पिणाऱ्याचा परवाना हे विसरतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. बिअर-वाइनला वयाची 21 वर्षे आणि ब्रँडी-रमसारख्या कडक मद्याला 25 वर्षे पुरी लागतात. गोव्याहून येताना बॅगेत बाटल्या दडवून आणणेही परवान्यावाचून गुन्हाच. आणि गाडी चालवणाऱ्याने तर निळ्या वाटीलाही हात लावू नये. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की पहिल्या वेळीच सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

न घेणाऱ्याचा पेला

शेवटी माझ्या सर्वांत आवडीची कृती. पार्टीत न घेणाऱ्या माणसाचे फार हाल असतात. घेणाऱ्यांसाठी उंच पेले, बर्फ, सालीची नक्षी. आणि याच्या हातात कोमट झालेले बाटलीतले शीतपेय. त्याला वाटते आपण पंगतीबाहेर. पुष्कळांचा पहिला पेला या अवघडलेपणातून हातात येतो, आणि सोडलेल्यांचा निश्चयही याच ठिकाणी डगमगतो.

दोन संत्र्यांची साल खिसून 100 ग्रॅम साखरेत चोळावी आणि तासभर झाकून ठेवावी. मद्य नसले तरी सालीतले पुष्कळसे तेल साखर शोषून घेते. मग 100 मिलिलिटर गरम पाणी घालून ढवळावे आणि गाळावे. हा झाला सुवासिक पाक. उंच पेल्यात बर्फ, दोन मोठे चमचे पाक, 100 मिलिलिटर ताजा रस, लहान चमचाभर आल्याचा रस, लिंबू, चिमूटभर मिरपूड, वर सोडा. मद्याने घशाला जी झणझणी येते तिची जागा आले आणि मिरी भरून काढतात. सालीची चकती यातही चिमटावी. पेला तोच, बर्फ तोच, नक्षी तीच. दुरून पाहणाऱ्याला कुणाच्या हातात काय आहे ते कळू नये, आणि धरणाऱ्याला मात्र पक्के ठाऊक असावे.

घेणारे पाहुणेसुद्धा दुसऱ्या फेरीला हाच पेला मागतात, असा माझा अनुभव आहे. मागितला तर जरूर द्यावा.

एवंच, संत्रे घ्या, साल जपून ठेवा, ब्रँडी चमच्याने मोजा आणि आत काय आहे ते सांगून वाढा. ब्रँडीची बाटली घरात नसेल तर मुद्दाम आणू नका, पांढऱ्या वाटीतही संत्रे पुरेपूर आहे. आणि असेल, तर पुढच्या वेळी पाहुणे उठताना वाट्यांकडे एक नजर टाका. निळी आणि पांढरी दोन्ही सारख्याच चाटूनपुसून रिकाम्या झालेल्या दिसल्या, की समजावे पाहुणचार साधला.